इंदुरात रोजच्या वापराला ब्रेझा की नेक्सॉन?

रामबागकर: मंडळी, रामबागेतून पीथमपूरला रोज जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात. दोन्ही पेट्रोल गाड्या चालवून पाहिल्या. आईचे गुडघे दुखतात, पण ब्रेझात ती न वाकता बसली, म्हणून माझं मन तिकडेच ओढतंय. सिग्नलला स्टिअरिंगवर हात ठेवला तरी थरथर अगदी नाममात्र. बायकोला मात्र नेक्सॉनच हवी. काय करू?

पलासियावाला: ब्रेझाचं 1.5 लिटर इंजिन चार सिलिंडरचं, म्हणून ती शांतता. राजवाड्याच्या गर्दीत जाणं होत असेल तर ऑटोमॅटिकच घे. टॉर्क कन्व्हर्टर प्रकारचा गिअरबॉक्स आहे, गाडी अलगद निघते.

सुदामानगर: वहिनींचं ऐका. 2024 मध्ये गाड्या धडकवून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपने नेक्सॉनला पाच तारे दिलेत. पीथमपूरच्या वाटेवर ट्रक अगदी आरशाला घासून जातात, तेव्हा मला तेच आठवतं. डिकीही 382 लिटर, ब्रेझाची 328. शिवाय इंजिन 1200 सीसीच्या आत, म्हणून सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 18 टक्के, ब्रेझाला 40.

रामबागकर: जीएसटीचं डोक्यातच नव्हतं. रविवारी आईला नेक्सॉनमध्ये बसवून बघतो. तिला नीट चढता-उतरता आलं तर तीच.