मदत हवी आहे: लांबचा प्रवास आणि धाकट्याची दिवसाची झोप

नमस्कार मंडळी. यंदा आमच्याकडे सगळं एकदमच आलंय. घर बदललं, नवऱ्याची नोकरी बदलली, थोरली पहिलीत गेली (पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे प्रत्येक फोटोत खिंडार!) आणि दीड वर्षाचा धाकटा दिवसाच्या दोन झोपांवरून एकीवर यायला बघतोय. त्यातच पुढच्या महिन्यात पूर्वेकडचा विमानप्रवास, घड्याळात पाच तासांचा फरक.

पूर्वेकडे जाताना शरीराचं घड्याळ जुळायला जास्त वेळ लागतो, ढोबळमानाने तासाला एक दिवस, एवढं ठाऊक आहे. पोचल्यावर सकाळी उजेडात न्यायचं, विमान उतरताना कानात दडे बसू नयेत म्हणून घोट घोट पाणी द्यायचं, हेही ठरलंय.

अडलंय ते झोपेपाशी. धाकट्याची सकाळची झोप आत्ताच बंद करावी की परत आल्यावर? मला वाटतं, एका वेळी एकच बदल. नवरा म्हणतो, उलथापालथ होणारच आहे तर एकदाच होऊ दे. आणि निघण्याआधी रोज पंधरा-वीस मिनिटं लवकर झोपवत नेल्याचा कुणाला खरंच उपयोग झालाय का? एवढ्या लहान मुलांना घेऊन गेलेल्यांनी जरूर सांगा.