दुसऱ्या महायुद्धातल्या रशियन शिक्षेच्या पलटणी: खरंच बिनबंदुकीचे पुढे ढकलायचे का?

भटक्या_७:
काल मित्राशी जाम वाद झाला. तो म्हणतो रशियात जो सैनिक मागे हटला त्याला शिक्षेच्या पलटणीत टाकायचे, हातात बंदूक पण नाही, आणि मागून आपलेच लोक मशीनगन रोखून. मला पटेना पण सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. कुणाला नीट माहितीये का?

जुनीवही:
अर्धं खरंय. स्टालिनचा आदेश क्रमांक २२७, २८ जुलै १९४२, "एक पाऊलही मागे नाही" वाला. दक्षिण रशियातलं रोस्तोव्ह शहर नुकतंच जर्मनांच्या हाती पडलेलं, ते स्टालिनग्राडकडे निघालेले. शिक्षा झालेल्या अधिकाऱ्यांसाठी ८०० जणांच्या बटालियन काढल्या आणि साध्या शिपायांसाठी १५० ते २०० जणांच्या कंपन्या. मशीनगनवाली गोष्ट येते ती पळणाऱ्यांना अडवणाऱ्या तुकड्यांवरून, त्या वेगळ्या, डगमगणाऱ्या डिव्हिजनच्या मागे उभ्या करायच्या असं आदेशातच आहे. पण बंदुका मिळायच्या रे, आणि कमांडर नेहमीचे अधिकारी असायचे, शिक्षा झालेले नाही. जर्मनांनी हे आपल्या आधी केलं असंही स्टालिनने त्याच आदेशात लिहिलंय.

माईंची_लेक:
मला या शिक्षेच्या तुकड्यांच्या नियमांतलं जखमेचं कलम वाचल्यापासून चैन नाही. मुदत १ ते ३ महिने, पण मध्ये जखमी झालास की शिक्षा भोगली असं धरायचे, हुद्दा परत, पदकं परत, बरा झालास की पुन्हा लढाईवर. म्हणजे कालचा मेजर आज साधा शिपाई म्हणून खंदकात बसलाय, छातीवरची पदकं काढून जमा केलेली, आणि पहिल्याच दिवशी दंडाला गोळी लागली तर तो सुटला, शेजारचा दोन महिने जीव तोडून लढतोय पण अंगावर ओरखडा नाही, तर त्याने मोठं शौर्य दाखवून वरच्यांच्या नजरेत यायचं नाहीतर मुदत संपेपर्यंत तिथेच राहायचं. दोष रक्तानेच धुवायचा म्हणे! माणसाच्या गुन्ह्याचं माप असं काढतात का?

भटक्या_७:
बाप रे. आणि मेला तर? घरच्यांना काय, गुन्हेगाराचं कुटुंब म्हणून वाऱ्यावर?

जुनीवही:
नाही, बटालियनच्या नियमात तरी मेलेल्या अधिकाऱ्याच्या घरच्यांना पेन्शन होती, तीही शिक्षेआधीच्या पदाच्या पगारावर धरून. युद्धभरात एकूण ४,२७,९१० जण या तुकड्यांमधून गेले. १९४४ मध्ये त्यांचं नुकसान त्याच चढायांतल्या नेहमीच्या पलटणींच्या तिपटीपासून सहापटीपर्यंत होतं, त्यामुळे मित्राला सांग बंदूक होती, पण पाठवायचे तिथेच जिथून परत येणं अवघड. आदेश सैनिकांना वाचून दाखवला होता पण छापून आला थेट १९८८ मध्ये, तोवर कितीतरी बायकापोरांना आपला माणूस कुठल्या तुकडीत होता हे कुणी सांगितलंच नसेल.