मदत हवी आहे : गाण्याच्या व्हिडिओतलं कॅमेराकाम नेमकं कसं उलगडायचं?

ओसरी :

नमस्कार मंडळी,

नाशिकच्याच काही मुलांनी केलेल्या एका स्वतंत्र मराठी गाण्याच्या व्हिडिओचं शॉटवार विश्लेषण लिहायचं आहे. जुन्या नाशकातला एक वाडा, गोदाघाट आणि रात्रीचा सराफ बाजार एवढ्यातच सगळं चित्रण झालंय. "अप्रतिम छायाचित्रण, सुंदर रंग" असलं काही लिहायचं नाहीये. कॅमेऱ्याने काय केलं, कसं केलं आणि त्या ओळीला तेच का, हे मांडायचंय.

माहिती अशी : लांबी 3 मिनिटं 48 सेकंद, फाइल सेकंदाला 25 फ्रेमची, ताल केरवा, लय 96 बीपीएम (मिनिटाला 96 ठोके). वर-खाली काळ्या पट्ट्या आहेत. हाताने मोजले तर 57 शॉट भरले, म्हणजे सरासरी 4 सेकंद. 56 कटांपैकी 21 कट ठोक्यावर पडतात, त्यामुळे "संकलन तालावर केलंय" असं लिहिणार आहे.

चार ठिकाणी अडलोय. वाड्याच्या ओसरीत गायिका जागेवर उभी असताना मागचा दरवाजा फुगत पुढे येतो, तो झूम आहे का? घाटावर ती ओंजळीतलं पाणी सोडते तेव्हा सगळं संथ चालतं, पण ओठ गाण्याशी बरोबर जुळतात, ते कसं? बाजारातल्या एकाच शॉटमध्ये काळे आडवे पट्टे सरकताना दिसतात. आणि दिव्यांवर आडव्या निळ्या रेषा आहेत, म्हणजे अ‍ॅनामॉर्फिक लेन्स (रुंद दृश्य आडवं दाबून टिपणारी) वापरली असं धरू का?

आवर्तन :

ओसरी, तुमची तालाची नोंद आधी बघू, कारण तिथे मोठी गफलत होतेय.

96 बीपीएमला एक ठोका 0.625 सेकंदाचा, म्हणजे 25 फ्रेमच्या फाइलमध्ये साधारण साडेपंधरा फ्रेमचा. ठोक्याच्या दोन फ्रेम मागे-पुढे पडलेला कट तुम्ही "ठोक्यावर" धरला असणार, सगळेच धरतात. ती झाली 5 फ्रेमची खिडकी. साडेपंधरापैकी पाच म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. कुणी डोळे मिटून कट मारले असते तरी 56 पैकी 18 तुमच्या खिडकीत पडले असते. तुमचे आले 21. यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता हेच समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मोजा. केरवा 8 मात्रांचा. एक मात्रा म्हणजे एक ठोका धरला तर आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) बरोबर 5 सेकंदांचं, म्हणजे 125 फ्रेम. तीच 5 फ्रेमची खिडकी आता 125 पैकी 5 होते, चार टक्के. नुसत्या योगायोगाने 56 पैकी जेमतेम दोन कट समेवर यायला हवेत. आठ-दहा आले तर ते मुद्दाम केलंय असं छातीठोक लिहा.

मोजायची पद्धत : डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 25 फ्रेमची टाइमलाइन करा, आवाजाच्या आलेखावर पहिली सम शोधून मार्कर टाका, मग दर 125 फ्रेमला एकेक. तबला क्लिकशिवाय (कानात ठोक्याचा आवाज न घेता) वाजवला असेल तर लय किंचित सरकते, म्हणून दर चार आवर्तनांनी कानाने सम तपासा आणि पुढचे मार्कर हलवून घ्या. हे केलं नाही तर शेवटच्या कडव्यापर्यंत मार्कर अर्ध्या मात्रेने चुकलेले असतात आणि सगळी मोजणी वाया जाते.

कटाइतकंच दुसरंही मोजा : कॅमेरा कुठल्या फ्रेमला हलायला लागतो आणि कुठे थांबतो. तीन रकाने पुरतात, कट, हालचाल सुरू, हालचाल बंद. माझ्या मते गाण्याच्या व्हिडिओत शैली सगळ्यात जास्त या तिसऱ्या रकान्यात सापडते, आणि नेमका तोच कुणी भरत नाही.

फ्रेममोजणी :

सरासरीबद्दल एक. पहिला शॉट किती लांब आहे? एखादा लांबलचक शॉट सरासरीला भुलवतो. त्याला वगळून पुन्हा भागा, आणि मुखडा आणि अंतरे वेगवेगळे मोजा.

कट शोधायला रिझॉल्व्हच्या मीडिया पानावरचं सीन कट डिटेक्शन चालेल, पण त्याच्यावर विसंबू नका. दिवा भपकन पेटला की ते खोटा कट दाखवतं, हळूच विरघळणारा कट सोडून देतं, आणि त्याच चौकटीतला जंप कट (मधला तुकडा काढून मारलेली उडी) तर त्याला दिसतच नाही. मशीनची यादी घ्या आणि एकदा हाताने फिरवा. व्हीएलसीमध्ये इंग्रजी 'ई' दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाचं बटण पुढे नेतं, स्वल्पविरामाचं मागे.

आता दरवाजा. झूममध्ये कॅमेरा जागचा हलत नाही, त्यामुळे जवळच्या आणि लांबच्या वस्तूंची एकमेकांशी असलेली मांडणी बदलत नाही, सगळं सारखंच मोठं होतं. गायिकेच्या मागून खांबाची कड हळूहळू झाकली किंवा उघडली जात असेल तर कॅमेरा सरकलाय. तुमच्या वर्णनात चेहरा तेवढाच राहतो आणि दरवाजा मोठा होतो. म्हणजे कॅमेरा मागे जातोय आणि त्याच वेळी दृश्यकोन आवळला जातोय. याला डॉली झूम म्हणतात. चेहऱ्याची रुंदी पिक्सेलमध्ये पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या फ्रेमला मोजा. ती सारखी भरली की शंका मिटली.

कमी बजेटमध्ये झूम लेन्स न वापरताही हे होतं. 5 फुटांवर सुरुवात करून 10 फुटांवर थांबायचं, चित्रण फोर-केमध्ये करायचं, आणि मागे येताना गमावलेला आकार संकलनात वाढवायचा. 1080 च्या चौकटीत फोर-केला नेमकी दुप्पट मोकळीक मिळते, आणि 5 चे 10 फूट व्हायला दुप्पटच लागते. ओळखायची खूण : शॉटच्या शेवटी अंधाऱ्या छताच्या तुळईवरचे दाणे (चित्रातला खरखरीतपणा) सुरुवातीपेक्षा जाड दिसतात. खऱ्या झूममध्ये दाणे बदलत नाहीत. मात्र यूट्यूबची दाबलेली फाइल अंधारातले दाणे पुसून टाकते, म्हणून उपलब्ध असेल तितक्या मोठ्या रिझोल्यूशनवरच बघा.

लेन्सचा अंदाजही वाडाच देतो. ओसरीचे खांब सारख्या उंचीचे आणि सारख्या अंतरावर असतात. समजा खणाचं (दोन खांबांमधलं) अंतर 5 फूट, खांब 8 फुटी, आणि चित्रात जवळचा खांब पुढच्या खांबाच्या दीडपट उंच दिसतो. मग कॅमेरा जवळच्या खांबापासून 10 फुटांवर असणार, कारण 15 भागिले 10 म्हणजे दीड. तोच खांब चौकटीची पूर्ण उंची व्यापत असेल तर फुलफ्रेमच्या (36 मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) हिशेबात सेन्सरची 20.25 मिलिमीटर उंची गुणिले 10 भागिले 8, साधारण 25. म्हणजे 24 मिलिमीटरची लेन्स असावी. त्या वाड्यात जाऊन खणाचं अंतर टेपने मोजून या. कॅमेरा वर-खाली कललेला असेल किंवा चौकट कापलेली असेल तर हे गणित फसतं, म्हणून हे डॉली झूमच्या शॉटवर करू नका. सरळ, स्थिर शॉट निवडा.

तिसरी घंटा :

संथ शॉट आणि पट्टे, दोन्हीबद्दल लिहिते.

जागेवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात, गायिका त्या वेगात ओठ हलवते, कॅमेरा 50 फ्रेमने घेतो आणि संकलनात ते 25 वर चालवतात. ओठ मूळ लयीत येतात, केस, पदर आणि पाणी मात्र अर्ध्या वेगाने. हे पडताळायला तुमच्याकडे आयतं साधन आहे, ते म्हणजे ओंजळ. 1 मीटरवरून सुटलेलं पाणी खाली पोचायला 0.45 सेकंद घेतं. 25 फ्रेमच्या फाइलमध्ये ते 11 फ्रेम. अर्ध्या वेगात 22-23 भरायला हवेत. ओंजळ उघडल्यावर पहिला थेंब सुटलेली फ्रेम आणि तो पायरीवर फुटलेली फ्रेम, दोन आकडे लिहा आणि वजाबाकी करा. उंचीचा अंदाज 10 सेंटिमीटरने चुकला तरी फरक एखाद्या फ्रेमचाच पडतो, त्यामुळे निःशंक मोजा.

ओठ खरंच जुळतात का, ते प, फ, ब, भ, म या अक्षरांवर बघायचं. ही ओष्ठ्य अक्षरं, यांना ओठ मिटावेच लागतात. स्वरांवर दोन-तीन फ्रेमची चूक खपून जाते, 'म'वर लगेच पकडली जाते. आणखी एक बघा, त्या शॉटला कुठली ओळ घेतलीय? दुप्पट वेगात 192 च्या लयीत गाताना जोडाक्षरं तोंडातच राहतात आणि जबडा घाईत दिसतो. म्हणून जाणती माणसं अशा शॉटला लांब ओढीची ओळ निवडतात. तशी असेल तर ते तुमच्या लेखात यायला हवं, कारण तिथे कॅमेऱ्याची निवड थेट चालीतून आलेली आहे.

पट्ट्यांचं कारण वीज. आपल्याकडे पुरवठा 50 हर्ट्‌झचा, त्यावरचे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. शटर (एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ) 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवलं की पूर्ण लाटा पकडल्या जातात आणि पट्टे येत नाहीत. 1/60 ठेवलं की येतात. कॅमेरा 24 फ्रेमवर असेल तरी शटर 1/50 च ठेवायचं, कोनात सांगायचं तर 172.8 अंश. पट्टे एकाच शॉटमध्ये असतील तर तो बहुधा फोनवर घेतलाय आणि शटर आपोआपवर राहिलं. दुकानांच्या एलईडी पाट्यांचं वेगळं असतं. त्यांचा झगमगाट विजेशी बांधलेला नसतो, त्यामुळे 1/50 वरही एखादी पाटी पट्टे देते. ती चौकटीबाहेर ठेवणं हाच उपाय.

निळ्या रेषांवर जाऊ नका, त्या पाचेकशे रुपयांच्या फिल्टरनेही येतात. मागच्या धूसर दिव्यांचा आकार बघा. उभे लंबगोल असतील तर अ‍ॅनामॉर्फिक, गोल असतील तर साधी लेन्स आणि पुढे फिल्टर. आणि काळी पट्टी किती पिक्सेलची आहे ते मोजा : 1080 मध्ये वरची पट्टी 138 च्या आसपास असेल तर चौकट 2.39 (रुंदी उंचीच्या इतके पट), बरोबर 60 असेल तर 2:1.

ओसरी :

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री बसून मोजलं.

पहिला शॉट 31 सेकंदांचा निघाला. तो वगळल्यावर सरासरी साडेतीन सेकंद. समेवर 13 कट आले, त्यातले 9 मुखड्याकडे परततानाचे. ओंजळीतलं पाणी 23 फ्रेम, आणि ओळ खरंच लांब आ-काराची ('आ' ओढलेली) आहे. पट्टी 60 पिक्सेल, दिवे गोल. तुळईवरचे दाणे शेवटी जाड दिसतात. चेहऱ्याची रुंदी मधल्या फ्रेमला थोडी वाढते, टोकांना सारखी.

तिसरा रकाना भरताना दिसलं की अंतऱ्यात कॅमेरा जवळजवळ कधीच थांबत नाही, हालचाल चालू असतानाच कट होतो. मुखड्यात मात्र तो समेच्या आधी थांबतो आणि मग कट. रंगांबद्दल अजून काहीच लिहिलेलं नाही. आणि याच पद्धतीने घाटावर एक छोटी चाचणी घ्यायची आहे, तर उजेडाचं बघून सांगाल का?

आवर्तन :

हेच हवं होतं! "संकलन तालावर आहे" हे वाक्य आता काढा आणि लिहा : अंतऱ्यात कॅमेरा गायकीबरोबर वाहतो, मुखड्याला समेवर येऊन टेकतो. हे 13 कट आणि तिसरा रकाना दाखवून सिद्ध करता येईल.

फ्रेममोजणी :

मधल्या फ्रेमला चेहरा वाढतो, ही हाताने सरकवलेल्या डिजिटल झूमची खूण. संकलनात फक्त दोन टोकांना किफ्रेम (त्या फ्रेमला चित्र किती मोठं हे ठरवणाऱ्या खुणा) दिल्या की माणूस एकसारखा चालत नसल्यामुळे मध्ये फरक पडतो. दर 10 फ्रेमला चेहरा जुळवून किफ्रेम दिली असती तर तो गेला असता. लेखात हा दोष म्हणून जरूर नोंदवा.

तिसरी घंटा :

रंग बघायला घाटाचा काळा पाषाण आणि एखादं पांढरं धोतर किंवा टोपी पकडा. दोन्ही मुळात रंगहीन. पांढरं पांढरंच राहिलं आणि दगड निळसर-हिरवा झाला असेल तर फक्त सावल्यांत रंग भरलाय. दोन्ही निळे असतील तर व्हाइट बॅलन्सच तसा ठेवला होता. त्वचा वेक्टरस्कोपवरच्या (रंग दाखवणाऱ्या गोल आलेखावरच्या) त्वचेच्या रेषेवर बसते का, तेही बघा. भांड्यांच्या दुकानासमोरचा शॉट असेल तर पितळी घागरीच्या पोटात निरखून बघा. दिव्याचं प्रतिबिंब चौकोनी असेल तर सॉफ्टबॉक्स, लांब काठीसारखं असेल तर ट्यूब. कधीकधी कॅमेरा धरलेला माणूससुद्धा तिथेच सापडतो.

चाचणीचं म्हणाल तर रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वाहते, पंचवटी पूर्वेला आणि जुनं नाशिक पश्चिमेला. त्यामुळे पंचवटीच्या बाजूची देवळं संध्याकाळी समोरून उजळतात आणि सकाळी पाठीमागून उजेड घेतात. पाण्यावर चमचमणारा उजेड पात्राच्या मागे हवा असेल तर संध्याकाळी पंचवटीच्या काठावरून पलीकडे बघत चित्रण करा. भर दुपार टाळा. नाशिकला सूर्य माथ्यावर 12 ला येत नाही, ऋतूप्रमाणे 12:20 ते 12:50 च्या दरम्यान येतो, त्यामुळे दीड वाजताही डोळ्यांच्या खोबणीत सावल्या असतात.

तरीही उन्हात घ्यावंच लागलं तर आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) 100, शटर 1/50 आणि एफ 2.8 (लेन्सचं उघडं तोंड) ला 6 स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा काळसर फिल्टर, दर स्टॉपला उजेड निम्मा) लागेल, म्हणजे एनडी 64. लॉगमध्ये (नंतर रंग भरायला घेतलेल्या फिकट चित्रणात) किमान आयएसओ 800 असेल तर आणखी 3 स्टॉप. फिरवायचा एनडी 24 च्या लेन्सवर पूर्ण आवळू नका, आभाळात काळी फुली उमटते. पोलरायझर लावणार असाल तर ओंजळीच्या शॉटला तो काढून ठेवा, पाण्यावरची चमकच निघून जाते आणि थेंब मोजायला दिसत नाहीत.