मदत हवी आहे: राख, रिठा, सोडा, व्हिनेगर सगळं करून झालं, तरी भांडी ओशटच राहतात

नमस्कार.

भांडी घासायचं विकतचं लिक्विड बंद करून मला दोन महिने झाले. कारण आधी सांगते, म्हणजे "परत तेच वापरा" असा सल्ला देण्याआधी विचार होईल. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी, दोन्हींच्या पेरांवर चिरा पडायला लागल्या होत्या. लिंबू पिळलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की साबण भांड्यावरच्या तेलाबरोबर कातडीचं तेलही धुऊन नेतो, तेव्हा हातमोजे घाला. मी घालून पाहिले, पण मला भांडं हाताला लागल्याशिवाय कळतच नाही. ताटली निघाली की तिच्यावरून बोट फिरवल्यावर ते अडखळतं, करकरतं. तो करकरीतपणा हाताला कळला की मन निवतं. मोज्यातून ते कळत नाही, म्हणून मोजे घालण्याऐवजी साबणच बदलावा असं ठरवलं. स्वस्त, घरातलं, साधं काहीतरी हवं होतं.

आतापर्यंत काय काय केलं ते लिहिते.

पहिली राख. लाकडाची, चाळणीने बारीक चाळलेली. लोखंडी कढईवर तिने कमाल केली. तेलाचा थर होता, ओल्या घासणीवर राख घेऊन दोनदा फिरवली आणि बुळबुळीत लगदा होऊन सगळं निघून आलं. त्याच उत्साहात अॅल्युमिनियमचं पातेलं घासलं, तर ते काळपट पडलं. आणि आठवड्याभरात माझे हात आधीपेक्षा जास्त कोरडे झाले.

मग रिठे. दहा-बारा रिठ्यांच्या बिया काढून, सालं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवली, सकाळी पंधरा मिनिटं उकळली, कुस्करून गाळली. फेस छान येतो. पेले, कप, चमचे सुरेख निघाले, हातांनाही बरं वाटलं. पण तेलकट ताटली रिठ्याने घासली की तेल नुसतं इकडून तिकडे सरकतं. शिवाय चौथ्या दिवशी त्या पाण्याला आंबूस वास आला, अर्धी बाटली ओतून द्यावी लागली.

शेवटी वाटलं, सगळ्याच चांगल्या गोष्टी एकत्र का करू नयेत? साधा अंगाचा साबण किसला, कोमट पाण्यात विरघळवला, त्यात खायचा सोडा आणि व्हिनेगर घातलं. आधी फसफसून उतू गेलं. ते खाली बसल्यावर बाटलीत दुधात लिंबू पिळल्यासारख्या पांढऱ्या गुठळ्या तरंगत होत्या. तेच ढवळून मी चार दिवस वापरलं. आता काचेच्या पेल्यांवर धुरकट पांढरी साय आहे आणि प्लास्टिकच्या डब्यांना हात लावला की बोटं चिकटतात.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. हे मिश्रण का फाटलं? तेलकट भांड्यांसाठी हात न सोलणारं काय आहे? आणि पेल्यांवरची ही साय कशी घालवू? ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

ताई, तुमचं मिश्रण फाटलं त्याचं कारण व्हिनेगर. साबण म्हणजे तेलातली आम्लं आणि अल्कली (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) यांचा संयोग. त्यात आम्ल ओतलं की ती जोडी तुटते आणि तेलातली आम्लं सुटी होऊन वर येतात. त्या गुठळ्या म्हणजे चरबीच. म्हणजे चार दिवस तुम्ही भांड्यांना एक प्रकारे चरबी चोळत होता, डबे चिकटणारच.

सोडा आणि व्हिनेगरचंही तसंच. फसफसताना दिसायला खूप काम चाललंय असं वाटतं. खरं तर कर्ब वायू उडून जातो आणि मागे राहतं ते सोडियम ॲसिटेट नावाच्या क्षाराचं पाणी, त्यात ना सोड्याचं बळ ना व्हिनेगरचं. तुंबलेल्या कोपऱ्यातली घाण बुडबुड्यांनी थोडी सैल होते, तेवढाच उपयोग. बाटलीत भरून ठेवण्यात अर्थ नाही.

दोघांना वेगवेगळी कामं द्या. तेल, चरबी, करपलेलं अन्न यांना अल्कली लागते: सोडा, राख, साबण. पाण्याचे पांढरे डाग आणि तांब्या-पितळेवरचा काळेपणा यांना आम्ल लागतं: लिंबू, व्हिनेगर. आधी अल्कली, मग साध्या पाण्याने विसळायचं, आणि गरज असेल तरच आम्ल. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये मात्र यातलं कोणतंही आम्ल कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

प्रतिसाद:

घासण्याआधी पुसा. जुन्या कापडाने किंवा कागदाने, कोरडंच. चमचाभर कोरडं पीठ किंवा कोंडा भुरभुरला तर तो तेल पिऊन घेतो आणि तेल मोरीत न जाता कचऱ्यात जातं. मी हे करायला लागल्यापासून साबण निम्म्याहून कमी लागतो.

प्रतिसाद:

मी लिंबू-संत्र्याच्या सालींचं बायोएन्झाइम करते. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडावा लागतो, नाहीतर बाटली फुगते. ओटा आणि सिंक यांवर खूप छान चालतं. पण खरं सांगायचं तर ते शेवटी आम्लच आहे, तेलकट कढईवर माझ्याकडेही चाललं नाही. तुमच्या पेल्यांसाठी मात्र चालेल.

धागा लिहिणारीचं उत्तर:

सगळ्यांचे आभार. मिश्रण ओतून दिलं. एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे पाणी उकळायच्या भांड्याच्या तळाशी पांढरी खरपुडी बसते. पेल्यांच्या सायीचा याच्याशी संबंध असेल का? नवीन पेल्यावर नुसत्या साबणाच्या वडीनेही साय आली.

प्रतिसाद:

अगदी थेट संबंध आहे. तुमचं पाणी जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त आहेत. खरा साबण या क्षारांना भेटला की न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तोच भांड्यावर बसतो. खात्री करायची तर पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, साबणाचे चार किस टाका, जोरात हलवा. फेस येऊन टिकला तर पाणी हलकं. फेस न येता पाणी दुधाळ झालं तर जड. विकतच्या लिक्विडला जड पाण्याचा एवढा त्रास होत नाही, म्हणून तुम्हाला हे आधी कधी दिसलं नसेल.

रिठा म्हणजे साबण नव्हे, त्यात सॅपोनिन नावाचं फेस करणारं नैसर्गिक द्रव्य असतं, त्यामुळे जड पाण्यात असा साका होत नाही. म्हणून तुमचे पेले रिठ्याने नीट निघाले. पेले रिठ्यावरच ठेवा.

सायीसाठी एका पेल्यावर व्हिनेगरचा थेंब ठेवून पाच मिनिटांनी पुसा. तेवढा ठिपका स्वच्छ दिसला तर ती क्षारांची साय आहे, सगळे पेले व्हिनेगरच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून विसळा. ठिपका तसाच राहिला तर काचच झिजलेली असेल, ती परत चकाकत नाही.

आता तेलकट भांडी. यासाठी धुण्याचा सोडा, खायचा नव्हे. खायच्या सोड्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, 7च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण 8.3, धुण्याच्या सोड्याचा 11च्या आसपास, आणि तो पाण्यातले क्षार खाली बसवून पाणी हलकंही करतो. घरात फक्त खायचा सोडा असेल तर तो पसरट भांड्यात ओव्हनमध्ये 200 अंशांवर तासभर ठेवा. त्यातून पाणी आणि कर्ब वायू निघून जातात, वजन एक तृतीयांशाहून थोडं जास्त घटतं, आणि धुण्याचा सोडा तयार होतो. तीन-चार लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा, त्यात भांडी वीस मिनिटं बुडवून ठेवा.

पण ताई, यात हात घालू नका. हे मी कळकळीने सांगतोय. आपल्या कातडीचा पीएच 5च्या जवळ असतो. धुण्याचा सोडा आणि राख दोन्ही तिला विकतच्या लिक्विडपेक्षा कडक आहेत. राखेने तुमचे हात जास्त कोरडे झाले ते यामुळेच. नैसर्गिक आहे म्हणून हाताला सौम्य असेलच असं नाही. भांडी सोड्यात आपापली भिजू द्या, चिमट्याने काढा, वाहत्या पाण्यात विसळा, मग हात लावा. तेव्हा बोट फिरवून बघायला काही हरकत नाही.

अॅल्युमिनियमला ना राख ना सोडा, तुमचं पातेलं काळं पडलं ते अल्कलीने. ते लिंबाच्या पाण्यात उकळलं तर बरंचसं उजळेल. नॉनस्टिकवर राख नको, ओरखडे पडतात.

प्रतिसाद:

रिठ्याचं पाणी बर्फाच्या साच्यात गोठवा, रोज दोन खडे काढा. आंबत नाही. डोळ्यात मात्र जाऊ देऊ नका, फार झोंबतं.

भांड्यांचं पाणी झाडांना घालत असाल तर सोड्याचं पाणी घालू नका, सोडियम साठून माती बिघडते. रिठ्याचं पाणी मासे असलेल्या टाक्यात किंवा ओढ्यात सोडू नका, सॅपोनिन माशांना विषारी असतं.

प्रतिसाद:

दूध, अंडं, पिठाची भांडी आधी गार पाण्यात भिजवा. गरम पाण्याने अंडं-दूध भांड्यालाच शिजून चिकटतं. तेलाला गरम, यांना गार. आणि क्रम पाळा: पेले, मग ताटल्या, शेवटी तेलकट. तेलकट भांडं आधी घासलं की ती घासणी सगळ्यांना तेल लावत सुटते.

घासणी कोणती आहे? स्पंज असेल तर बदला. तो आतून वाळत नाही, जंतू वाढतात. घोसाळ्याची जाळी किंवा काथ्या घ्या आणि रात्री पिळून टांगून ठेवा.

प्रतिसाद:

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. पुसून, भिजवून, क्रमाने घासल्यावरही दिवसाला एक-दोन भांडी अशी उरतात की त्यांना लिक्विडचे चार थेंब लागतात. तेवढे वापरायला मन खाऊ देऊ नका. थेट घासणीवर ओतण्याऐवजी वाटीभर पाण्यात चार थेंब टाकून घासणी बुडवा. चिरा पडलेल्या बोटांना खरा त्रास होतो तो घट्ट लिक्विड बोटांवर तसंच राहिल्याने आणि नंतर नीट न धुतल्याने. काम झालं की हात साध्या पाण्याने धुऊन लगेच तेलाचा हात फिरवा.

धागा लिहिणारीचं उत्तर, बारा दिवसांनी:

बाटलीची चाचणी केली. फेस अजिबात नाही, पाणी ताकासारखं झालं. व्हिनेगरचा ठिपका मात्र काचेसारखा लख्ख निघाला. आठपैकी सात पेले पूर्ववत झाले, एक झिजलेलाच होता.

आता रोज असं चाललंय. जेवणं झाली की ताटल्या आणि कढई आधी पुसून घेते. पेले आणि कप रिठ्याच्या दोन खड्यांवर होतात. तोवर तेलकट भांडी सोड्याच्या गरम पाण्यात पडलेली असतात. चिमट्याने काढून विसळते, आणि दहापैकी नऊ वेळा घासायलाच लागत नाहीत. काल कढईवरून अंगठा फिरवला आणि तो अडखळला, करकर वाजला. दोन महिन्यांत पहिल्यांदा! अंगठ्याची चीर भरत आली आहे, तर्जनीची एक अजून उघडी आहे. चार थेंबांचा सल्लाही मानला, तिसऱ्या दिवशी एका करपलेल्या तव्यासाठी वापरले.

फक्त प्लास्टिकचे डबे दाद देत नाहीत. सोड्यात दोनदा बुडवले, चिकटपणा कमी झाला पण गेला नाही, झाकणाच्या खाचेत तर बोटाला अजून ओशट लागतं. प्लास्टिक तेल धरूनच ठेवतं हे समजलं. तरी ही खाच कशाने साफ करता? जुना दात घासायचा ब्रश आणि ओलसर सोड्याची पेस्ट आज रात्री करून बघते. आणखी कोणी काही केलं असेल तर सांगा.