बरोच्या पुढ्यातली पाच माणसं: सिनसिनाटीची लाइन दरवर्षी का ढासळते?

ओहायोकर

परवा मित्रांत पुन्हा तोच वाद झाला आणि गाडी पुन्हा त्याच स्टेशनवर येऊन थांबली: 2021 च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजातल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) सिनसिनाटीच्या बेंगल्सनी लाइनमधल्या पेनेई सूलला सोडून पास झेलणाऱ्या जमार चेसला घेतलं, तिथेच सगळं बिघडलं. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक चेंडू घेऊन मागे सरकतो आणि लांब फेकायला माणूस शोधतो. त्याला जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात आणि ती मिळवून देतात त्याच्या पुढ्यात उभे असलेले पाच धिप्पाड गडी. मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. हीच ऑफेन्सिव्ह लाइन. ती फुटली की क्वार्टरबॅक चेंडूसकट आडवा होतो, त्याला सॅक म्हणतात.

आता बेंगल्सच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे जो बरोचा हिशोब बघा. पदार्पणाच्या 2020 च्या हंगामात 10 सामन्यांत 32 सॅक, आणि नोव्हेंबरात गुडघा गेला. 2021 मध्ये 51, म्हणजे लीगमध्ये सर्वांत जास्त. त्यावर प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) चार सामन्यांत आणखी 19. 2022 मध्ये 41. 2023 मध्ये 10 सामन्यांत 24, आणि मनगट गेलं. 2024 मध्ये 48. 2025 ला दुसऱ्याच आठवड्यात जॅक्सनव्हिलविरुद्ध सॅक होताना पायाच्या अंगठ्याला मार लागला, शस्त्रक्रिया झाली आणि तो थेट नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगला परतला. आमची आठ वर्षांची लेक आता चेंडू कुठे गेला ते बघतच नाही. आधी विचारते, "उठला का?"

माझं म्हणणं असं. एक मोठा टॅकल हुकला म्हणून ही लाइन कमजोर राहिलेली नाही. तिला एकत्र मुरायला कधी मिळालंच नाही. दरवर्षी दोन-तीन माणसं बदलायची, टोकांवर पैसा ओतायचा आणि मधल्या तिघांच्या जागी ठिगळं लावायची, हे चालत आलंय.

सुरुवात 2017 मध्ये झाली. अँड्र्यू व्हिटवर्थ अकरा हंगाम इथे खेळला, संघाचा कणा होता. 35 वर्षांचा झाला म्हणून त्याला जाऊ दिलं. गार्ड केविन झाइट्लरही त्याच उन्हाळ्यात गेला. 2015 मध्ये ड्राफ्टच्या पहिल्या दोन फेऱ्या खर्चून घेतलेले टॅकल ओगबुएही आणि फिशर जागा भरतील असा हिशोब होता. दोघांपैकी एकही टिकला नाही. आणि व्हिटवर्थ? तो लॉस एंजेलिसच्या रॅम्सकडून आणखी पाच वर्षं खेळला आणि फेब्रुवारी 2022 मध्ये, वयाच्या चाळिशीत, सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून निवृत्त झाला. समोर बेंगल्सच होते. त्या रात्री बरो सात वेळा आडवा झाला.

आकडेमोड

दादा, आकडे बरोबर आहेत, पण सगळं खापर लाइनच्या माथी कसं फोडता? सॅक हा जितका लाइनचा दोष, तितकाच क्वार्टरबॅकचाही असतो. बरो चेंडू धरून ठेवतो. पहिला माणूस मोकळा नसला की पॉकेटमध्ये (लाइननं राखलेल्या जागेत) नाचत दुसरा-तिसरा शोधतो. 2021 मध्ये त्याची पासची अचूकता 70.4 टक्के होती, लीगमध्ये पहिली, आणि प्रत्येक फेकीमागे 8.9 यार्ड. हे खोलवरचे पास फुकट मिळत नाहीत, लाइनला तेवढा वेळ जास्त उभं राहावं लागतं.

ऑक्टोबर 2025 आठवा. बरो जखमी, संघानं क्लीव्हलंडकडून चाळिशीचा जो फ्लॅको आणला. या वयात तो पळणार कुठे? तरी आल्यावर दहा दिवसांच्या आत स्टीलर्सविरुद्ध 342 यार्ड, तीन टचडाउन, 33-31 ने विजय. चेसनं एकट्यानं 16 झेल घेतले. लाइन तीच होती. चेंडू भराभर हातातून सुटत होता एवढाच फरक.

शिवाय यांची मांडणी बघा. पाच जणांना पास घ्यायला पळवायचं आणि बरोजवळ मदतीला कुणीच ठेवायचं नाही. समोरून सहावा घुसला तर त्याला अडवणार कोण? धावण्याचा खेळ नावापुरता, म्हणजे बचाव फळीला आधीच ठाऊक की आता पास येणार. या परिस्थितीत कुठलीही लाइन ढासळेल.

भवानी_पेठ

मी सूलवाला. अजूनही आहे आणि ठामपणे आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये तुमच्या पोराचा गुडघा फुटला, आणि पाच महिन्यांनी पाचव्या क्रमांकावर समोर त्या पिढीतला सर्वांत चांगला टॅकल उभा असताना तुम्ही त्याच्यासाठी चेंडू झेलणारा मित्र घेतलात. डेट्रॉइटनं सातव्या क्रमांकावर सूलला उचललं. 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी तो ऑल-प्रोच्या, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात होता. त्यांच्या लाइनमधला डेकर 2016 चा, रॅगनाउ 2018 चा, सूल 2021 चा. तिघेही पहिल्या फेरीतले, तिघेही डेट्रॉइटनंच निवडून वाढवलेले. दुबळा समजला जाणारा तो संघ या लाइनच्या जिवावर कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यापर्यंत पोचला.

आता पैसा बघा. बरो, पाच वर्षांचे 27.5 कोटी डॉलर. चेस, चार वर्षांचे 16.1 कोटी. त्याच्या जोडीचा झेलणारा टी हिगिन्स, चार वर्षांचे 11.5 कोटी. सॅलरी कॅप, म्हणजे पगारांवरची मर्यादा, सगळ्यांना सारखीच. घराचा दिवाणखाना सजवला आणि पायाला सिमेंट उरलं नाही, असं हे झालंय.

ओहायोकर

भवानी_पेठ, सूल उत्तम आहे याबद्दल माझं दुमत नाही. पण त्याच सुपर बोलचा शेवटचा डाव आठवा. 23-20 ने मागे, चौथा डाऊन (म्हणजे शेवटचा प्रयत्न), एक यार्ड हवा, जेमतेम 43 सेकंद उरलेले. चेस रॅम्सच्या जॅलन रॅम्झीला मागे टाकून खोलवर मोकळा सुटला होता. तिथे चेंडू पोचला असता तर इतिहास वेगळा असता. पोचला नाही, कारण रॅम्सचा ॲरन डोनाल्ड आमच्या डाव्या गार्डला ओलांडून आत शिरला आणि त्यानं बरोला गरगर फिरवला. चेंडू कसाबसा हातातून सुटून जमिनीवर पडला.

डोनाल्ड शिरला तो गार्डच्या जागेवरून. तुमचा सूल त्या दिवशी आमच्याकडे असता तरी तो टोकाला उभा असता. भोक मधे होतं.

आणि चेस नसता तर आपण त्या मैदानात पोचलो असतो का? त्याच प्लेऑफमध्ये टेनेसीविरुद्ध बरो नऊ वेळा पडला, तरी 20 सेकंद उरलेली असताना चेसला 19 यार्डांचा पास देऊन किकर मॅकफर्सनच्या 52 यार्डांच्या किकची सोय केली. 19-16.

आकडेमोड, फ्लॅकोचा मुद्दा मान्य. चेंडू लवकर सोडला की लाइन झाकली जाते. पण बरोला इतके पैसे देतो ते त्यानं झाकपाक करावी म्हणून देत नाही. आणि हेही सांगा, अंगावर पाच वर्षं माणसं पडल्यावर क्वार्टरबॅकची नजर खाली जात नाही का? त्याची अजून गेलेली नाही, हे मला सर्वांत मोठं वाटतं.

साखळीपकड

मला हा खेळ तुमच्याइतका कळत नाही, मुलगा अमेरिकेत आहे म्हणून बघायला लागलो. पण पंधरा वर्षं कबड्डी खेळलोय, कोपऱ्यावर. साखळी म्हणजे नुसता हातात हात नसतो. शेजारचा कधी झुकणार, कुठल्या पायावर वजन टाकणार, हे त्याच्या बोटांच्या दाबावरून कळतं. माझ्या शेजारी सहा वर्षं एकच गडी होता. तो नोकरीसाठी गावाबाहेर गेला आणि त्याच्या जागी जिल्ह्यातला नावाजलेला खेळाडू आला. अंगानं, ताकदीनं त्याच्याहून सरस. तरी पहिल्या स्पर्धेत चढाई करणारे आमच्या दोघांमधूनच निसटले. मी ओढायचो तेव्हा तो ढकलायचा. त्यामुळे एकत्र मुरण्याचं जे म्हणताय, ते मला पटकन पोचलं.

ट्रॉय_ते_ठाणे

एकत्र मुरणं वगैरे ठीक आहे, पण हा रोग फक्त सिनसिनाटीचा नाही, आणि तुम्ही सगळे एकाच घराचं छप्पर तपासताय. कॉलेजात आता सगळे झटपट पासची पद्धत खेळतात. टॅकल दोन पायांवर उभा, चेंडू दीड सेकंदात गेलेला. हात जमिनीला टेकवून, खाली वाकून समोरच्याला रेटायची सवयच लागत नाही. तशी मुलं लीगमध्ये येतात, आणि इथे त्यांना शिकवायला वेळ कुठे? लीग आणि खेळाडूंमधल्या 2011 च्या करारापासून हंगामात पूर्ण पॅड घालून फक्त 14 सराव करता येतात. दिवसातून दोनदा अंगावर घेण्याचे सराव तर बंदच झाले. खेळाडूंच्या शरीरासाठी ते योग्यच होतं, मी त्याविरुद्ध नाही. पण टक्कर घ्यायला शिकायचं तर टक्कर घ्यावीच लागते. आक्रमणातल्या बाकीच्या जागा नुसत्या धावून तयार होतात, लाइन होत नाही.

ओहायोकर

नियम सगळ्या 32 संघांना सारखेच आहेत ना? मग फिलाडेल्फियाला का जमलं? 2024 मध्ये निवृत्त झालेला त्यांचा सेंटर जेसन केल्सी 2011 च्या सहाव्या फेरीतला. डावा टॅकल जॉर्डन मायलाटा 2018 च्या सातव्या फेरीतला, सिडनीचा रग्बी खेळाडू, त्यानं त्याआधी अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता! त्यांना घडवलं ते जेफ स्टाउटलंड या प्रशिक्षकानं, जो 2013 पासून दहा वर्षांहून जास्त तिथेच राहिला. मुख्य प्रशिक्षक बदलले, तो बदलला नाही.

आमच्याकडे? लाइनचे प्रशिक्षक पॉल अलेक्झांडर दोन दशकांहून जास्त होते, 2017 नंतर गेले. 2018 ला फ्रँक पोलॅक. वर्षभरात तो गेला, जिम टर्नर आला. 2021 ला पुन्हा पोलॅक. 2025 ला स्कॉट पीटर्स. प्रत्येक जण हात कुठे ठेवायचा, पहिलं पाऊल मागे की बाजूला, हे नव्यानं शिकवणार. बिचाऱ्या गार्डनं कुणाचं ऐकायचं?

माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा 2022 चा हंगाम आहे, आणि तो कुणीच काढत नाही. त्या वर्षी कॅपा, कॅरस, कॉलिन्स असे तीन अनुभवी गडी बाहेरून आणले आणि डाव्या गार्डला चौथ्या फेरीतला नवखा व्होल्सन. पाचांतले चार नवे. पहिल्या दोन सामन्यांत 13 सॅक, दोन्ही हरलो. सगळे म्हणाले, पैसे पाण्यात गेले. पण तीच पाच माणसं रोज शेजारी उभी राहिली आणि उरलेल्या 14 सामन्यांत मिळून 28. म्हणजे सामन्याला साडेसहावरून दोनवर! माणसं तीच, प्रशिक्षक तोच. मग शेवटच्या आठवड्यांत कॉलिन्सचा गुडघा, कॅपाचा घोटा आणि प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात जोना विल्यम्सची गुडघ्याची वाटी. कॅन्सस सिटीला तीन बदली माणसं घेऊन गेलो, पाच सॅक झाले, 23-20 ने हरलो.

आणि पुढच्या उन्हाळ्यात ऑर्लँडो ब्राउनला 6.4 कोटींत आणून विल्यम्सला डावीकडून उजवीकडे सरकवला. साखळी पुन्हा पहिल्यापासून.

आकडेमोड

2022 चं मी नव्यानं बघितलं. घसरण खरी आहे. पण त्याच काळात त्यांनी खेळही बदलला. खोल पास कमी केले, चेंडू लवकर सोडला. त्यामुळे 28 चं सगळं श्रेय ओळखीला देऊ नका. अर्धं द्या, मी सही करतो.

भवानी_पेठ

मी नाही करत. ओळख व्हायला आधी माणूस दर्जाचा लागतो. व्होल्सन तीन हंगाम त्याच जागी सुरुवातीपासून खेळला, मुरला म्हणायचा तर तोच. 2024 मध्ये पुन्हा 48 सॅक झालेच ना? मिम्सला 2024 च्या पहिल्या फेरीत घेतलं तेव्हा मला बरं वाटलं. पण तोही टॅकल. मधल्या जागांबद्दल तुमचं बरोबर आहे, एवढं मात्र मानतो. गार्डसाठी वरची निवड कधी खर्च करणार, हे मालकांना कुणीतरी विचारायला हवं.

डेटनची_आई

मी कधी लिहीत नाही, पण आज राहवलं नाही. माझा मुलगा इथल्या हायस्कूलच्या संघात डावा गार्ड आहे. सामन्याच्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात बसून बोटांना पांढरी पट्टी गुंडाळतो, दोन-दोन बोटं एकत्र, शेवटचं टोक माझ्याकडून दाबून घेतो. गेल्या वर्षी दोन्ही करंगळ्या सुजलेल्या होत्या. गावात त्याचं नाव कुणाला माहीत नाही, कारण तो चेंडूला हातच लावत नाही.

मी त्याला तुमचा हा धागा वाचून दाखवला. मराठी त्याला समजतं, बोलताना अडखळतो. म्हणाला, "आई, समोरचे दोघं आत-बाहेर जागा बदलून घुसतात ना, तेव्हा माझा माणूस मला टॅकलच्या हवाली करायचा असतो आणि त्याचा मी घ्यायचा असतो. ओरडायला वेळ नसतो. त्याची कंबर माझ्या कंबरेला लागली की समजायचं." ज्या मुलासोबत दोन उन्हाळे हे घोटलं, त्याचं कुटुंब या ऑगस्टमध्ये टेक्सासला गेलं. नवीन मुलगा चांगला आहे, वजनानं याच्याहून वीस पौंड जास्त. पहिल्या सामन्यात त्यांच्या मधून तीनदा माणूस आत गेला. तिसऱ्या वेळी क्वार्टरबॅक खांद्यावर पडला आणि उठायला वेळ लागला.

घरी येताना गाडीत तो एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी शनिवार, सुट्टी. सकाळी उठून बघते तर मागच्या अंगणात दोघं खांद्याला खांदा लावून उभे, बाजूला पाऊल टाकताहेत, पुन्हा जागेवर येताहेत. चेंडू नाही, पॅड नाहीत. पोहे गार झाले तरी आत आले नाहीत.