आधुनिक लष्करी पाणबुड्या नेमक्या किती खोल जातात?

शंकासुर

अमेरिकी नौदल आपल्या हल्लेखोर पाणबुड्यांबद्दल एवढंच सांगतं: ‘800 फुटांपेक्षा जास्त’. म्हणजे जेमतेम 245 मीटर. उलट सोव्हिएत पाणबुडी ‘कोमसोमोलेट्स’ 1984 साली 1020 मीटर खाली गेली होती. आणि ‘ट्रिएस्ट’ या खोल बुडीच्या यानात बसून दोन माणसं 1960 सालीच मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळजवळ 11 किलोमीटर खाली जाऊन आली! मग अब्जावधी डॉलरची अणुपाणबुडी दोन-चारशे मीटरवर का अडते? खरे आकडे लपवतात की खरंच जमत नाही?

खारवारा

दोन्ही. ‘पेक्षा जास्त’ या शब्दांतच सगळं गुपित आहे. अमेरिकेच्या लॉस एंजेलिस वर्गाच्या हल्लेखोर पाणबुड्यांची टेस्ट डेप्थ 450 मीटरच्या आसपास असल्याचं संदर्भांत सापडतं. रशियन किलो वर्गाच्या डिझेल पाणबुड्या एरवी 240 पर्यंत वावरतात, कमाल 300. टेस्ट डेप्थ म्हणजे चाचणीत प्रत्यक्ष गाठलेली आणि पुढे सहसा न ओलांडायची खोली. पाणबुडी चिरडते ती क्रश डेप्थ त्याच्याही बरीच खाली. या दोन्हींमधलं अंतर किती, हे कुठलंही नौदल सांगणार नाही.

बॉयलरवाले काका

माझी नोकरी प्रेशर व्हेसलच्या, म्हणजे दाब सोसणाऱ्या टाक्यांच्या डिझाइनमध्ये गेली. पाणबुडीत कधी पाय ठेवलेला नाही, पण पाणबुडी म्हणजे उलटा बॉयलर, त्यामुळे हिशेब ओळखीचा आहे. ढोबळ करून दाखवतो.

10 मीटर व्यासाचं पोलादी नळकांडं घ्या, पत्रा 5 सेंटिमीटर जाड. दर 10 मीटरला एक बार (साधारण हवेच्या दाबाइतका) दाब वाढतो, म्हणून 300 मीटरवर दाब 30 बार, दर चौरस मीटरवर 300 टन. पत्र्यात ताण येतो 300 मेगापास्कल. पाणबुड्यांसाठी वापरतात ते एचवाय-80 पोलाद साधारण 550 ला नमतं. म्हणजे ठीक चाललंय.

आता वजन. या नळकांड्याचा एक मीटर लांबीचा तुकडा 80 टन समुद्राचं पाणी बाजूला सारतो आणि त्याच्या पत्र्याचं वजन भरतं 12 टन. उरलेल्या 68 टनांत अणुभट्टी, टर्बाइन, टॉर्पेडो, माणसं, सगळं बसवा. ताण तेवढाच ठेवून 1000 मीटर जायचं तर पत्रा 17 सेंटिमीटर हवा. वजन 41 टन, निम्मी तरंगशक्ती कवचानेच खाल्ली. 2000 मीटरला पत्रा 33 सेंटिमीटर आणि वजन 82 टन. आत खुर्चीही ठेवली नाही तरी नळकांडं बुडणार! कवचाला आतून आधार देणाऱ्या गोल कड्या, दारं, भोकांभोवतीची जाडी यात मी धरलेलीच नाही.

‘ट्रिएस्ट’चं कोडं इथेच सुटतं. तिथे माणसं बसायचा गोळा दोनेक मीटर व्यासाचा होता. गोलात ताण नळकांड्याच्या निम्मा, त्यात आकार लहान. तरी तो गोळा स्वतः तरंगत नव्हता, वर पेट्रोलने भरलेली भलीमोठी टाकी लावावी लागली. त्यात युद्ध करायला जागा कुठे?

आणखी एक गोष्ट, आमच्या धंद्यातली. बॉयलरमध्ये दाब आतून असतो. नळकांडं जरा लंबगोल झालं असेल तर दाब त्याला गोल करायला बघतो. बाहेरून दाब आला की उलटं: जिथे किंचित चेपलंय तिथे तो आणखी चेपतो. म्हणून पाणबुडी किती गोल आहे याची मोजणी काही मिलिमीटरपर्यंत चालते. पत्रा नमायच्या आधीच कवच दोन कड्यांच्या मधे आत वळू शकतं, आणि ते घडताना सूचना मिळत नाही.

शंकासुर

काका, दंडवत! मग टायटॅनियमने प्रश्न सुटत नाही का? आणि अजून एक: 450 मीटरची परवानगी आहे तर रोज 430 वर फिरायला काय हरकत?

बॉयलरवाले काका

टायटॅनियमचं वजन पोलादाच्या सत्तावन-अठ्ठावन टक्के आणि ताकद कमी नाही, म्हणून ‘कोमसोमोलेट्स’ शक्य झाली. पण त्याचं जाड प्लेटचं वेल्डिंग हे दुखणं आहे. तापलेल्या धातूला हवा लागली की जोड ठिसूळ, त्यामुळे सगळं आरगॉनच्या आवरणात करावं लागतं. कारखान्याचा कारखाना त्यासाठी उभारावा लागतो. सोव्हिएत संघाने ते केलं, त्याबद्दल त्यांच्या वेल्डरांना माझा सलाम. मात्र टायटॅनियम म्हणजे आपोआप खोल असंही नाही. सोव्हिएत अल्फा वर्गाच्या पाणबुड्या टायटॅनियमच्याच, पण तिथे हलकेपणा वेगासाठी खर्च केला. त्या 40 नॉटच्या (ताशी साधारण 75 किलोमीटर) वर पळायच्या, खोली 400 मीटरच्या आसपासच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खारवारा देतील तर बरं.

खारवारा

देतो. खालची शिल्लक खोली ही फिरायची जागा नव्हे, चूक सावरायची जागा आहे. 20 नॉट म्हणजे सेकंदाला 10 मीटर. मागचे सुकाणू पंखे नाक खाली करून अडकले आणि पाणबुडी 30 अंशांनी कलली, तर दर सेकंदाला 5 मीटर खाली. 20 सेकंदांत 100 मीटर गेले. 430 वर असाल तर 530 ला पोचलात, परवानगीच्या बरंच खाली. शिवाय 110 मीटर लांबीच्या पाणबुडीचं नाक त्या कलात शेपटीपेक्षा 55 मीटर खाली असतं, हे विसरतात लोक. म्हणून वेग जितका जास्त तितकी परवानगीची खोली कमी, असाच तक्ता असतो.

त्यात खाली जाताना कवच दाबलं जाऊन घनफळ घटतं, म्हणजे पाणबुडी आपोआप जड होत जाते. आणि वर यायला बॅलास्ट टाक्यांत (ज्यांत पाणी भरून पाणबुडी बुडते) हवा सोडायची तर तिला बाहेरच्या दाबाला पुरून उरावं लागतं. 400 मीटरवर तेवढीच हवा पृष्ठभागाच्या तुलनेत चाळिसाव्या हिश्श्याचंच पाणी ढकलते.

10 एप्रिल 1963 ला अमेरिकेची ‘थ्रेशर’ टेस्ट डेप्थच्या चाचणीतच गेली, 129 माणसं. कवच पहिल्यांदा फुटलं नाही. चौकशीचा निष्कर्ष असा की इंजिनरूममधला समुद्राच्या पाण्याचा पाइप निकामी झाला असावा, त्यातून अणुभट्टी बंद पडली. हवा सोडली, पण ती अडली. नंतर तशाच दुसऱ्या पाणबुडीवर बंदराच्या धक्क्याला चाचणी घेतली तेव्हा कारण दिसलं: हवा झपाट्याने प्रसरण पावताना गारठते आणि तिच्यातल्या दमटपणाचा बर्फ गाळण्या बंद करतो. सबसेफ ही तपासून प्रमाणपत्र द्यायची अमेरिकी नौदलाची पद्धत त्यातूनच आली. 1968 साली बुडालेल्या अमेरिकेच्याच ‘स्कॉर्पियन’ला ते प्रमाणपत्र नव्हतं, प्रमाणपत्र असलेली एकही त्यांनी गमावलेली नाही.

निळाई

पण खोल गेल्यावर लपता येतं ना? तो फायदा कुणी मोजत नाहीये.

खारवारा

येतं, पण त्यासाठी किलोमीटर लागत नाही. पाण्याचं तापमान जिथे झपाट्याने उतरतं त्या थराखाली गेलं की जहाजाच्या बुडाला लावलेल्या सोनारचा आवाज वळून जातो, आणि तो थर बऱ्याचदा शंभर-दोनशे मीटरच्या आतच सापडतो. दाबामुळे पाणबुडी ढकलणाऱ्या फिरत्या पंख्याभोवती बुडबुडेही कमी होतात, म्हणजे त्याच वेगात आवाज कमी. टॉर्पेडोपासून मात्र सुटका नाही: अमेरिकेच्या मार्क 48 ची अधिकृत खोली ‘1200 फुटांपेक्षा जास्त’ आहे. इथेही तेच ‘पेक्षा जास्त’!

बॉयलरवाले काका

एक राहिलं. प्रत्येक खोल बुडी म्हणजे वेल्डवर ताणाचं एक आवर्तन, आणि अशी आवर्तनं मोजून ठेवतात. वय झालेल्या पाणबुडीची परवानगीची खोली कमी करता येते. ती चाचणीला कितीपर्यंत गेली होती यावरून आज कितीपर्यंत जाईल, हे धरून चालू नका.