सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणावं की नाही?

काना_मात्रा:
एका दिवाळी अंकासाठी कराचीतल्या ज्यूंवरचा इंग्रजी लेख मराठीत करतेय. तिथल्या रणछोड लाइनमध्ये १८९३ साली सॉलोमन डेव्हिड उमर्डेकर यांनी ‘मागेन शालोम’ हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. उमर्डेकर कराची म्युनिसिपालिटीत सर्व्हेअर होते. आजूबाजूचे लोक त्या इमारतीला ‘इस्रायली मस्जिद’ म्हणत. मी आपलं सरळ ‘इस्राएलांची मशीद’ केलं, आणि पुढेही सगळीकडे मशीदच ठेवलं. संपादकांनी लाल पेनाने खोडून शेरा मारलाय : ‘मशीद मुसलमानांची. सिनेगॉग लिहा.’
पण अलिबागला आजोळी असताना आमच्या शेजारच्या इस्राएल काकू ‘आज मशिदीत जायचंय’ म्हणायच्या, हे मला चांगलं आठवतंय. माझे कान चुकले की संपादक?

आगरी_मीठ:
कान शाबूत आहेत. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मशीदच म्हणत. मुंबईत मांडवीला सामुएल स्ट्रीटवर त्यांचं १७९६ चं पहिलं सिनेगॉग आहे. कागदावर नाव शार हारहमीम, तोंडात ‘जुनी मशीद’. पुढे दुसरं झालं ती ‘नवी मशीद’. मस्जिद स्टेशनाचं नावही त्या जुन्या मशिदीवरूनच पडलंय.

खडीसाखर:
स्टेशनाचं नाव ज्यूंवरून, हे दर दोन वर्षांनी कुणीतरी सांगतंच. त्या भागात मुसलमानांच्या मशिदी काय कमी होत्या? ऐकीव गोष्ट आहे, व्युत्पत्ती म्हणून खपवू नका.

आगरी_मीठ:
खपवत नाही, सांगतोय. आमच्याकडे तसंच सांगतात.

शुद्धमती:
मूळ प्रश्नाकडे या. दोन्ही शब्द परके. मशीद अरबी, सिनेगॉग ग्रीक. मराठीत ‘यहुदी मंदिर’ म्हणायला काय हरकत आहे? पुण्यात आपण ‘लाल देऊळ’ म्हणतोच की! १८६७ चं ओहेल डेव्हिड. रिक्षावाल्याला सिनेगॉग सांगून बघा, तो तुम्हालाच पत्ता विचारेल.

खडीसाखर:
लाल देऊळ हे रस्त्यावरून जाणाऱ्यांनी ठेवलेलं नाव. उंच मनोरा, लाल विटा, कुणाचं तरी देवाचं घर दिसतंय, म्हणा देऊळ. आत प्रार्थना करणारे बगदादी ज्यू काही ते म्हणत नव्हते. ‘मशीद’ हा आत जाणाऱ्यांचा स्वतःचा शब्द होता. दोन्ही एका मापाने मोजू नका. शिवाय मूर्ती नसणं हाच ज्यांच्या धर्माचा पाया, त्यांना मंदिर चिकटवायचं?

शुद्धमती:
म्हणजे मंदिर चिकटवायचं नाही, मशीद चिकटवलेली चालते. छान.

मुक्काम_पोस्ट:
मशीद ‘परकी’ म्हणताना जरा थांबा. स-ज-द म्हणजे वाकणं, नमणं. हाच धातू आरामेकमध्ये स-ग-द. इजिप्तमधल्या एलिफंटाइन बेटावर ज्यू सैनिकांची वसाहत होती, तिथले इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातले पपायरस सापडलेत. त्यांत ‘मसगदा’ आहे. इस्लामच्या हजारेक वर्षं आधी! हा शब्द आधी ज्यूंच्याच कागदांत आहे म्हणा ना.

खडीसाखर:
असं म्हणू नका. तिथे तो शपथ घेताना आलाय, इमारत की पूज्य वस्तू यावर अभ्यासकांत वाद आहे. आणि बेने इस्राएलांनी मशीद एलिफंटाइनहून आणली नाही, रायगड जिल्ह्यातल्या शेजाऱ्याकडून घेतली. त्यांच्या धर्मकार्य करणाऱ्यांना ‘काजी’ म्हणत, उपासाला ‘रोजा’, आणि एलूल महिन्याच्या उपासांना चक्क ‘रमजान’. मूर्ती नसलेल्या धर्माचे शब्द त्या गावांत मुसलमानांकडेच होते. बाकी सगळं शेजारपाजारचं मराठी. पुरीम म्हणजे ‘होळीचा सण’!

आगरी_मीठ:
आणि ‘बिरड्याचा रोजा’ विसरलात! अव महिन्याच्या नवमीचा, जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या शोकाचा उपास. नाव मात्र वालाच्या बिरड्यावरून. वाल भिजवा, मोड आणा, एकेक दाणा चिमटीत धरून साल काढा. आमच्याकडे आईसोबत बसायचो. दोन तास सोलून वाडगाभर होतात. शोकाच्या दिवसाला याहून योग्य काम नाही.

काना_मात्रा:
सुंदर, पण माझी कराची राहिली. तिथे हा शब्द कोकणातून गेला असेल का? नोकऱ्यांसाठी गेलेले बेने इस्राएल घरात मराठी बोलत, मेवाशाह कब्रस्तानातल्या त्यांच्या थडग्यांवर हिब्रू आणि इंग्रजीबरोबर मराठीही कोरलेलं आहे. म्हणजे ‘मशीद’ त्यांनी नेली आणि कराचीकरांनी उचलली, असं मला वाटतंय.

खडीसाखर:
वाटतंय हे ठीक. पण कराचीच्या मुसलमानाला प्रार्थनेच्या जागेला मस्जिद म्हणायला अलिबागची शिकवणी कशाला लागेल?

रामलाकर:
मी रामला गावचा, इस्राएलहून. (टोपणनाव मुद्दाम. आमच्यात किहीमकर, नवगावकर, पेणकर असतात, मग मी का नको?) माझे आजोबा कराचीत जन्मले. घरात मराठी, बाजारात उर्दू. ते मशीदच म्हणायचे आणि ‘इस्राएली मशीद’ त्यांच्यासाठी देशाचं नाव नव्हतं, जातीचं होतं, जशी अलिबागला इस्राएल आळी. १९४८ नंतर तोच शब्द अंगावर आला. देश झाला, मोर्चे निघाले, मशिदीवर हल्ला झाला. मग माणसं मुंबईला, तिथून इकडे. नंतरच्या वर्षांत बाकीचेही निघाले. १९८८ साली रिकामी इमारत पाडून तिथे दुकानांची इमारत उभी राहिली. कराचीच्या लोकांनी रामल्याला पुन्हा ‘मागेन शालोम’ केलं.
आता गंमत. हिब्रूत मुसलमानांच्या मशिदीला ‘मिसगाद’ म्हणतात, आपल्या जागेला ‘बेत क्नेसेत’. आजी इथे आल्यावरसुद्धा शनिवारी ‘चला, मशिदीत’ म्हणायची. मोरोक्कोच्या शेजारणीला अरबी येत होतं. तिने एकदा आईला बाजूला घेऊन विचारलं, ‘म्हातारीचं ठीक आहे ना?’

आगरी_मीठ:
😄 आजींना नमस्कार.

मुक्काम_पोस्ट:
‘क्नेसेत’चा क-न-स म्हणजे जमणं. अरबीत त्यावरूनच ‘कनीस’ ज्यूंचं आणि ‘कनीसा’ ख्रिश्चनांचं. इराणात ज्यूंच्या जागेला ‘कनीसे’. म्हणजे मुसलमान देशांत ज्यूंच्या घराला वेगळा शब्द होताच. कराचीत मात्र तो न वापरता मस्जिद म्हणाले. काना_मात्राताईंची शंका अगदीच टाकाऊ नाही.

शुद्धमती:
एक दुरुस्ती. इस्राएल, इस्रायल, इस्त्राईल, या धाग्यात काय ते एक लिहा. इस्त्राईलमधला त तर निव्वळ अडगळ आहे.

रामलाकर:
समाजासाठी आम्ही इस्राएल लिहितो. देशासाठी पेपरवाल्यांना विचारा. आणि यहुदी नको. बापजाद्यांनी स्वतःला कधी यहुदी म्हटलं नाही. बेने इस्राएल, नाहीतर गाववाल्यांचं ‘शनवार तेली’. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे.

खडीसाखर:
‘बनी इस्राईल’ हे कुराणातल्या सतराव्या सुऱ्याचंही (अध्यायाचंही) एक नाव आहे. मुसलमान शेजारात ‘यहुद’पेक्षा ते नाव सोपं गेलं असणार, असं काही जण मांडतात. मला पटतं.

काना_मात्रा:
सगळं वाचलं, आभार. माझा प्रस्ताव : पहिल्यांदा ‘मशीद (सिनेगॉग)’, नंतर नुसतं मशीद. संपादकांना उद्या दुपारपर्यंत द्यायचंय. चालेल?
आणि जाता जाता एक. लेखात योम किप्पुर, म्हणजे ज्यूंचा प्रायश्चित्ताचा उपास, आहे. त्याला आपल्याकडे ‘दारफाळणीचा सण’ ना? कराचीच्या लेखात तो शब्द आला की वाचणाऱ्याला भलतीच फाळणी आठवेल.

आगरी_मीठ:
दारफाळणीच. त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही.

शुद्धमती:
पण फाळणे म्हणजे दोन तुकडे करणे. दार लावणं कसं होईल? दार फाडायचं आहे का?

आगरी_मीठ:
फळीवरून असेल. जुन्या दुकानांना फळ्या लावून बंद करत. दार फळणे, त्याचं फाळणे.

खडीसाखर:
‘दार फळणे’ कुणाच्या तोंडी ऐकलंय का? एक उदाहरण द्या.

मुक्काम_पोस्ट:
स्वर्गाची दारं त्या दिवशी मिटतात म्हणतात. कदाचित दोन फळ्या म्हणजे दोन कवाडं...

रामलाकर:
आजीला ‘दार फाळ’ म्हणताना ऐकलं नाही. ‘दार ओढ’ म्हणायची. उद्या आईला फोन करून विचारतो.

शुद्धमती:
आईंना वालाचं पण विचारा. बिरडं की बिरढं?